शिशाचें पेट्रोल

एखाद्या शोधाचा दुष्परिणाम संशोधकाच्या स्वप्नींही नव्हता, असें म्हणून आपण त्याला सहज क्षमा करतों. टॉमस मिजली या अमेरिकन संशोधकासही ती मिळत आली आहे. तो तिला पात्र होता काय, याविषयीं मात्र मला शंका आहे.

मोटारीच्या एंजिनांत पेट्रोल अवेळीं पेट घेई व यंत्र खडखडे. १९२१ च्या डिसेंबरांत मिजलीनें पेट्रोलमध्यें शिशाचें एक संयुग किंचित् मिसळलें आणि खडखड थांबली. मद्यार्कानेंही ती थांबते, हें त्याला ठाऊक होतें. पण मद्यार्क कोणीही गाळूं शके, संयुगाचा हक्क मात्र कंपनीच्या हातीं राही. शिसें विषारी, हें तर प्राचीन रोमन लोकांसही माहीत होतें. म्हणूनच कीं काय, १९२३ मध्यें हा माल बाजारांत आला तो 'एथिल' या सोंवळ्या नांवानें! त्याच सुमारास शिशाच्या बाधेमुळें खुद्द मिजलीला हवापालटासाठीं फ्लॉरिडास जावें लागलें.

१९२४ च्या ऑक्टोबरांत न्यू जर्सींतील बेवे येथल्या कारखान्यांत कामगारांना भ्रम होऊं लागले. पांच जण दगावले. तेव्हां मिजलीनें काय करावें? वार्ताहरांसमोर तेंच द्रव्य त्यानें हातांना चोळलें, त्याची वाफ हुंगली, आणि रोज असें केलें तरी अपाय नाहीं अशी ग्वाही दिली.

पुढें कित्येक वर्षें मोटारींचा धूर शिसें ओकीत राहिला. अमेरिकन माणसाच्या शरीरांत निसर्गतः असावें त्याच्या सुमारें १०० पट शिसें सांठलें आहे, असें क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञानें १९६५ मध्यें मांडलें. सर्वांत अधिक हानि झाली ती लहान मुलांच्या बुद्धीची. भारतांत हें पेट्रोल २००० सालीं बंद झालें. मोटारींना तें पुरविणारे जगांतील अखेरचे पंप अल्जीरियांत २०२१ सालीं. लहान विमानांच्या इंधनांत तें संयुग अजूनही मिसळलें जातें.