वराडचे वराडकर आणि आयर्लंडचे राज्य

आपला माणूस परमुलखात मोठा झाला, की आपण पेढे वाटतो. 14 जून 2017 रोजी लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा मालवण तालुक्यातील वराड गावाला असाच आनंद झाला. मीरा-भाईंदरमध्ये कोकणातून आलेली कितीतरी घरे आहेत. त्यांनाही तो झाला असेल. तो साहजिक आहे. परंतु पेढा तोंडात विरघळल्यावर दोन प्रश्न विचारले पाहिजेत. या माणसाला मोठे होऊ देणारा तो देश कसा होता? आणि सत्ता हाती आल्यावर या माणसाने कष्टकऱ्याच्या पदरात काय टाकले? माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले असल्यामुळे दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आयर्लंड हा लहानसा बेटावरचा देश. 2022 च्या शिरगणतीत त्याची वस्ती सुमारे 51 लाख भरली. बेटाचा उत्तरेकडील तुकडा आजही ब्रिटनच्या राज्यात आहे. 1845 साली बटाट्यावर रोग पडला आणि पुढल्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगाने मेली; तितकीच किंवा त्याहून अधिक बोटीत बसून देश सोडून गेली. पोटासाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे त्या देशाला सांगावे लागत नाही. आपल्या कोकणालाही सांगावे लागत नाही.

लिओंचे वडील अशोक वराडकर हे मुंबईचे डॉक्टर. 1960 च्या दशकात ते इंग्लंडला गेले. तेथे त्यांची मिरियम या आयरिश परिचारिकेशी गाठ पडली आणि लग्न झाले. 1973 साली हे कुटुंब डब्लिनला स्थायिक झाले, आणि 18 जानेवारी 1979 रोजी लिओंचा जन्म झाला. त्यांनी ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि त्या काळात परळच्या के. ई. एम. रुग्णालयातही काही दिवस काम केले. राजकारणाची ओढ विद्यार्थिदशेपासूनच होती. 1999 साली, विशीत असताना, ते स्थानिक निवडणुकीत पडले. 2004 साली निवडून आले. 2007 साली संसदेत गेले. पक्ष फिना गेल, म्हणजे उजवीकडे झुकणारा, व्यापारी व सधन शेतकरी यांना जवळचा. 2011 पासून वाहतूक, आरोग्य व समाजकल्याण ही खाती त्यांनी सांभाळली.

2017 साली पक्षनेतेपदाची निवडणूक झाली, तेव्हा सामान्य सभासदांची बहुसंख्य मते प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनी यांना पडली होती. परंतु पक्षाच्या नियमाप्रमाणे खासदारांच्या मताला 65 टक्के वजन होते, आणि खासदार वराडकरांच्या बाजूला होते. अठ्ठतिसाव्या वर्षी ते पंतप्रधान झाले. तोवर इतक्या तरुण वयात तेथे कोणी त्या पदावर बसले नव्हते.

आता पहिला प्रश्न. परदेशी बापाचा मुलगा तेथे पंतप्रधान होऊ शकला. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी जानेवारी 2015 मध्ये नभोवाणीवरून उघड सांगितले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात सार्वमतात 62 टक्के लोकांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली. ही त्या समाजाची उदारता खरीच. परंतु त्याच देशाने 2004 साली सार्वमत घेऊन, परक्या आईबापांच्या मुलाला केवळ तेथे जन्मल्यामुळे मिळणारा नागरिकत्वाचा हक्क काढून घेतला होता. सुमारे 79 टक्के मते त्या बाजूने पडली. लिओंची आई आयरिश, वडील डॉक्टर. त्यांच्यासाठी जे दार उघडे होते, ते कत्तलखान्यात मांस कापणाऱ्या परदेशी मजुराच्या मुलाला तितके उघडे नव्हते. दार उघडताना देश माणसाचा वर्ण पाहतो, तसा त्याचा धंदाही पाहतो, ही गोष्ट आपण विसरू नये.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही. समाजकल्याण मंत्री असताना, 2017 साली, सरकारी मदत लाटणाऱ्या लबाडांविरुद्ध त्यांनी मोठी जाहिरात मोहीम चालवली. तिने प्रत्येक गरजू माणसाकडे संशयाने बघायला शिकवले, अशी टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. त्यांच्याच कारकिर्दीत, 2019 साली, सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्या बेघरांची संख्या दहा हजारांवर गेली. फेब्रुवारी 2020 च्या निवडणुकीत मतदारांनी घरांच्या या टंचाईचा जाब विचारला आणि फिना गेलच्या जागा 35 वर आल्या.

मग साथ आली. वराडकरांनी डॉक्टर म्हणून पुन्हा नाव नोंदवून आठवड्यातून एक दिवस काम केले, याचे जगभर कौतुक झाले. मला त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. 2020 च्या उन्हाळ्यात तेथील मांस कारखान्यांत रोग पसरला. आजारी मजूर कामावर येत होते, कारण आजारपणाचा पगार देण्याची मालकावर कायद्याने सक्ती नव्हती. सरकारी भत्ता होता, पण रोजावर पोट असलेल्याला तो पुरत नव्हता. कामगार संघटनांनी मागणी लावून धरली, विरोधी मजूर पक्षाने विधेयक आणले, सरकारने ते लांबणीवर टाकले. शेवटी 2022 साली उद्योगमंत्री म्हणून वराडकरांनीच कायदा केला. 1 जानेवारी 2023 पासून वर्षाला तीन दिवस, 2024 पासून पाच दिवस, 70 टक्के वेतन, दिवसाला जास्तीत जास्त 110 युरो.

ज्या डब्लिनमध्ये 1913 साली मालकांनी सुमारे वीस हजार कामगारांना टाळे लावून बाहेर काढले होते, तेथे हा हक्क मिळायला शंभरावर वर्षे लागली. तो नेत्याच्या दयेने आला नाही. पण ज्याने सही केली त्याचे श्रेय नाकारणेही अन्यायाचे होईल.

डिसेंबर 2022 मध्ये ते दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले आणि मार्च 2024 मध्ये, दोन सार्वमतांत सरकारचा पराभव झाल्यावर, त्यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. एप्रिलमध्ये सायमन हॅरिस त्या जागी आले. मध्यंतरी, 29 डिसेंबर 2019 रोजी, ते आईवडिलांसह वराडला येऊन गेले होते. गावाने ओवाळले, तेही योग्यच झाले.

आता आपल्या गावाकडे पाहू. भाईंदरच्या भांड्यांच्या गाळ्यांत पत्रा दाबणारे, पॉलिश करणारे कामगार कुठल्या कुठल्या मुलखांतून आले आहेत. आपल्याकडे कर्मचारी राज्य विम्याचा कायदा 1948 सालीच झाला. तरी लहान गाळ्यातल्या माणसाला ताप आला की रोज बुडतो. त्यांची मुले आपल्या शाळांत शिकत आहेत, मराठीही शिकत आहेत. उद्या त्यांतला एखादा महापालिकेत निवडून आला, तर त्याच्या बापाचे गाव कोणते, हे विचारण्याआधी एवढेच विचारा: तापाने पडलेल्या कामगाराचा रोज बुडू नये म्हणून तू काय केलेस? वराडच्या वराडकरांना जो प्रश्न, तोच त्यालाही.