बिल्डिंग 'डेव्हलपला गेली' म्हणजे नक्की काय झालं?

ठाणे काय, कल्याण-डोंबिवली काय, जुन्या भागातल्या कुठल्याही गल्लीत हे वाक्य ऐकू येतंच. 'ती चाळ ना? डेव्हलपला गेली.' जणू गावाला गेली आणि परत येणार आहे!

शब्द मूळचा जुन्या फ्रेंचमधला. त्याचा अर्थ गुंडाळलेलं उलगडणं. पाकिटाला आपण एन्व्हलप म्हणतो, तोही याच कुळातला : एकात गुंडाळायचं, दुसऱ्यात सोडवायचं. सतराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द इंग्रजीत रुळला. गंमत म्हणजे आपला 'विकास' संस्कृतातून आला तोही उमलण्याचाच अर्थ घेऊन. कमळ विकसित होतं, म्हणजे आत जे होतं ते बाहेर येतं. फोटोचा रोल डेव्हलप करायचे तेव्हाही चित्र फिल्मवर आधीच असायचं, रसायन ते फक्त दिसू देई. (आपण मात्र सरळ 'रोल धुवायला टाकला' म्हणायचो. छान शब्द होता तो.)

म्हणजे मुळात गोष्ट आपणहून उलगडते. पुढे या क्रियापदाला कर्ता आला आणि कर्म आलं. कोणीतरी, कोणाचातरी विकास करतो. 20 जानेवारी 1949 च्या भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी जगातल्या 'अविकसित' भागांना मदतीची घोषणा केली, तेव्हापासून देशांचीही अशी वर्गवारी रूढ झाली. आपल्याकडे 1962 साली एमआयडीसी आली. त्यातला 'डी' हाच. वागळे इस्टेट आणि डोंबिवलीचा औद्योगिक पट्टा हे तिचंच काम. रोजगार आला हे खरंच, माझ्या पिढीतली कितीतरी घरं त्यावर उभी राहिली. केमिकलचा वासही त्याच पत्त्यावर आला.

पण खरी मेख कायद्यात आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 यात 'विकास' या शब्दाची व्याख्या दिली आहे. जमिनीवर, जमिनीखाली केलेलं बांधकाम, खाणकाम, जागेच्या वापरात केलेला मोठा बदल हे सगळं त्यात येतं. आणि अस्तित्वात असलेली इमारत पाडणं हेसुद्धा! तिथे राहणाऱ्याचं बरं झालं की वाईट, हा प्रश्न त्या व्याख्येत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, परवानगी कशाला लागते एवढंच त्याला ठरवायचंय. घोटाळा आपण करतो. कायद्यातला कोरडा शब्द उचलतो आणि त्यात कमळाचा अर्थ भरतो.

म्हणून सोसायटीच्या सभेत कोणी 'डेव्हलप करूया' म्हणालं की मी साधी क्रियापदं मागतो. कोण पाडणार? कोण बांधणार? वरचे मजले कोण विकणार? भाडं कोण, किती महिने भरणार? आणि तळमजल्यावरचे भाडेकरू काका-काकू तोवर कुठे राहणार?

यातल्या प्रत्येक क्रियापदाला कर्ता लागतो. 'डेव्हलपला गेली' मध्ये तोच सापडत नाही.