जंतूंचा प्रतिडाव



घटसर्प हें नांव ऐकतांच एके काळीं आईबापांच्या काळजाचा ठोका चुकत असे. या रोगावरील विजयाची कथा आपण पुष्कळदां ऐकतों. परंतु ज्या शस्त्रानें तो विजय मिळाला, तें शस्त्रच बोथट करण्याची जंतूंची कला मात्र क्वचित् सांगितली जाते. आज तिचाच इतिहास थोडक्यांत पाहूं.

इ. स. १८९० सालीं बर्लिन येथें एमिल फॉन बेरिंग व जपानी शास्त्रज्ञ शिबासाबुरो कितासातो यांनीं दाखवून दिलें कीं, घटसर्पाच्या अथवा धनुर्वाताच्या विषास तोंड दिलेल्या प्राण्याच्या रक्तरसांत तें विष निकामी करण्याचा गुण येतो. तो रक्तरस दुसऱ्या प्राण्यास टोंचला असतां त्याचेंहि रक्षण होतें. या रक्तरसचिकित्सेबद्दल बेरिंग यांना १९०१ मध्यें वैद्यकाचें पहिलें नोबेल पारितोषिक मिळालें. रक्तरसांतील त्या रक्षक द्रव्यांनाच आज प्रतिद्रव्यें अथवा अँटिबॉडी म्हणतात.

त्यांची घडण कळावयास मात्र बराच काळ लागला. १९५९ सालीं लंडनमध्यें रॉडनी पोर्टर यांनीं कच्च्या पपईच्या चिकांतील पपेन या पाचक द्रव्यानें प्रतिद्रव्याचे तुकडे केले. मांस लवकर शिजावें म्हणून आपल्याकडे त्यास कच्ची पपई लावतात, तिचाच हा गुण. तुकडे तीन पडले: जंतूस पकडणारे दोन हात आणि एक देठ. हा देठच भक्षक पेशींना बोलावून आणतो. पोर्टर व अमेरिकेंतील जेरल्ड एडलमन यांना १९७२ मध्यें नोबेल पारितोषिक विभागून देण्यांत आलें.

आतां जंतूंची बाजू पहा. केसतूड व पू उत्पन्न करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूच्या अंगावर ‘प्रोटीन ए’ नांवाचें एक द्रव्य असतें. स्वीडनमध्यें फोर्सग्रेन व शक्विस्ट यांनीं १९६६ सालीं दाखविलें कीं, तें प्रतिद्रव्यास देठाकडून पकडतें. पहारेकऱ्यास पाय धरून उलटें टांगावें, तसाच हा प्रकार! पुढें १९७५ च्या सुमारास अमेरिकेंत अँड्रू प्लॉट प्रभृतींना आढळलें कीं, मेंदूच्या आवरणाचा दाह करणारे व परमा उत्पन्न करणारे जंतु, नाक-घशाच्या ओलसर अस्तरावर पहारा करणारीं प्रतिद्रव्यें सरळ कापूनच टाकतात.

सर्वांत नेमका वार घशाच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूचा. त्याची ‘इडेस’ नामक कात्री स्वीडनमधील लुंड येथील संशोधकांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केली. ती प्रतिद्रव्याचे हात व देठ यांच्या सांध्यावरच चालते. हात जंतूला धरून राहतात, पण भक्षकांना बोलावणारा देठ गळून पडतो. नवल असें कीं, या कात्रीची घडण पपेनसारखीच आहे. पोर्टर यांनीं प्रयोगशाळेंत योजलेली युक्ति जंतूनें आधींच साधली होती.

मनुष्यानें ही कात्री आतां आपल्या हातीं घेतली आहे. कांहीं रुग्णांच्या रक्तांत परक्या मूत्रपिंडाविरुद्ध प्रतिद्रव्यें आधींच असतात. त्यामुळें रोपण अशक्य होऊन बसतें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत इडेस दिल्यावर २५ पैकीं २४ रुग्णांत तें शक्य झालें, आणि २०२० सालीं युरोपांत या औषधास सशर्त परवानगी मिळाली. प्रतिद्रव्यें कांहीं दिवसांनीं पुन्हा उत्पन्न होतात. म्हणून पुढील उपचार चुकत नाहींत.

परंतु हाच जंतु मुलाचा घसा धरवितो, व उपेक्षा झाल्यास संधिवाताच्या तापानें त्याचें हृदय कायमचें दुखावूं शकतो. त्यावर सर्वसामान्य वापराची लस अद्यापि नाहीं. पेनिसिलिन मात्र आहे. यासाठीं तापासह धरलेल्या घशावर केवळ काढा देऊन न थांबतां मुलास डॉक्टरांकडे न्यावें, व दिलेलें औषध मुदतभर पुरें करावें, इतकेंच या इतिहासावरून सुचवावेंसें वाटतें.