राखीव रानांतील गोगलगाई

रान राखलें म्हणजे रानांतील जीव राखले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती कितपत खरी आहे, हें पाहण्यास पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांचा इतिहास आम्हांस फार उद्बोधक वाटतो.

या बेटांवर जमिनीवरील गोगलगाईंच्या ७५० हून अधिक जाती होत्या; त्यांतील बहुतेक जगांत अन्यत्र कोठेंही नव्हत्या. ओआहू बेटावर झाडांवर राहणाऱ्या अकॅटिनेला नामक एकाच घराण्यांत ४१ जाती होत्या. त्यांच्या रंगीत शंखांच्या माळा तेथील लोक गळ्यांत घालीत. १७८७ सालीं कॅप्टन डिक्सन यास मिळालेल्या अशाच एका माळेवरून युरोपांतील विद्वानांस त्यांतील एका जातीची प्रथम ओळख झाली. पुढें १८५० नंतर जॉन गुलिक या मिशनऱ्याच्या मुलानें दऱ्याखोरीं हिंडून शंख गोळा केले. लगतच्या दोन दऱ्यांत झाडें तींच, पाऊस तोच. गोगलगाई मात्र निराळ्या! केवळ परस्परांपासून अलग पडल्यानेंही जाती भिन्न होत जातात, असें त्यानें १८७२ सालीं यावरूनच प्रतिपादिलें.

१९०३ सालीं तेथें राखीव जंगलांचा कायदा झाला. परंतु गुरांनीं उजाड केलेल्या डोंगरांवर झाडी वाढून उसाच्या मळ्यांस पाणी मिळावें, हा त्याचा हेतु होता. गोगलगाई कोणाच्या ध्यानींमनीं नव्हत्या. उंदरांनीं त्या खाल्ल्या, हौशी लोकांनीं वेंचून नेल्या. १९३६ सालीं आफ्रिकेची मोठी गोगलगाय तेथें आली. हीच गोगलगाय बेन्सन या शंखांच्या अभ्यासकानें १८४७ सालीं मॉरिशसहून कलकत्त्यास आणली होती. तिचा उपद्रव आपल्या शेतकऱ्यांसही ठाऊक आहे. तिच्या नाशासाठीं १९५५ सालीं सरकारनें दुसरी, मांसाहारी गोगलगाय आणून सोडली. रोगापेक्षां औषध भयंकर ठरलें! या पाहुणीनें लहान देशी गोगलगाईंचाच फडशा पाडला. अकॅटिनेला वर्षाकाठीं मोजकींच पिलें देते, व वयांत येण्यास तिला कित्येक वर्षें लागतात; तेव्हां ही तूट भरून निघावी कशी?

१९८१ सालीं या साऱ्या घराण्यास कायद्याचें संरक्षण मिळालें. तथापि माळेवरून प्रथम ओळखली गेलेली ती जात १ जानेवारी २०१९ रोजीं, पिंजऱ्यांत पाळलेल्या शेवटच्या गोगलगाईबरोबर, संपली. उरलेल्यांपैकीं कांहींना आतां राखीव रानांतच निराळीं कुंपणें घालून सांभाळावें लागत आहे.

रानाची सीमा आंखण्यापूर्वीं त्यांत कोण राहतें, व त्यांस भय कोणाचें, याची चौकशी झाली पाहिजे. नाहींतर झाडें उभीं राहतील, झरे वाहतील, आणि पानांवरील वस्ती मात्र नाहींशी झालेली असेल.