वेढ्यातला हिवाळा : लेनिनग्राडचे प्राणिसंग्रहालय, १९४१-४२

१/ हिवाळा आला की रानातला प्राणी आपली तजवीज आपणच करतो. कोणी उबदार प्रदेशाकडे जातो, कोणी बिळात झोपी जातो, कोणी अंगात चरबी साठवून ठेवतो. पिंजऱ्यातल्या प्राण्याला यांतले काहीच करता येत नाही. त्याची ऊब, त्याचे पाणी, त्याचे अन्न हे सारे माणसाने पुरवायचे असते. पण माणसाजवळच यांतले काही उरले नाही तर?

२/ लेनिनग्राड म्हणजे आजचे सेंट पीटर्सबर्ग. येथील प्राणिसंग्रहालय १८६५ साली गेभार्ट दांपत्याने सुरू केले. इतक्या उत्तरेकडच्या शहरात हत्ती, पाणघोडा, माकडे यांचा हिवाळा निभावायचा तर तापवलेली घरे आणि न गोठणारे पाणी लागते. म्हणजेच या प्राण्यांचे आयुष्य शहराच्या इंधनावर, विजेवर आणि नळावर अवलंबून होते.

३/ २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. संग्रहालयातले सुमारे ८० प्राणी कझानला हलवण्यात आले. अवाढव्य देहाचे काही प्राणी मात्र मागेच राहिले. बेटी नावाची हत्तीण त्यांतली एक. दुसरी क्रासाव्हित्सा, म्हणजे ‘सुंदरी’, नावाची पाणघोडी. ८ सप्टेंबरला शहराचा जमिनीवरून जाणारा अखेरचा मार्ग तुटला आणि ८७२ दिवसांचा वेढा सुरू झाला.

४/ सप्टेंबरमधल्या बाँबहल्ल्यांत बेटी मरण पावली. एक युरोपीय गवा बाँबने पडलेल्या खड्ड्यात कोसळला. त्याला उचलून काढण्याचे बळ कोणात नव्हते. कर्मचाऱ्यांनी फळ्यांचा उतार रचला आणि गवताच्या काड्या दाखवत त्याला हळूहळू वर आणले.

५/ हिवाळ्याची बेगमी त्याच शरद ऋतूत झाली. तोफांचा मारा चालू असताना कर्मचारी उद्यानांतले आणि मोकळ्या जागांवरचे गवत कापत, ओकची फळे वेचत, शेतांत उरलासुरला भाजीपाला शोधत. त्या दिवसांत जे गोळा झाले, त्यावरच पुढचे महिने काढायचे होते.

६/ मग तो हिवाळा आला. पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरला, वीज गेली, नळ गोठले. २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर या काळात मुले, कार्यालयीन कर्मचारी आणि आश्रित यांना दिवसाकाठी १२५ ग्रॅम पाव मिळत असे. तोही निव्वळ धान्याचा नसे, त्यात लाकडापासून काढलेला सेल्युलोज मिसळलेला असे. संपूर्ण वेढ्यात आठ लाखांहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले, त्यांतले बहुतेक भुकेने.

७/ पाणघोड्याची कातडी सतत ओली राहावी लागते. ती कोरडी पडली की तडकते, जखमा होतात, रक्त येते. क्रासाव्हित्साचा हौद रिकामा झाला तेव्हा तिची सेविका येवदोकिया दाशिना हिने नेवा नदीची वाट धरली. स्लेजवर पिंप ठेवून ती रोज सुमारे ४० बादल्या पाणी ओढून आणी. ते कोमट करून पाणघोडीला आंघोळ घाली आणि नंतर सर्वांगाला कापूरतेल चोळी.

८/ एरवी दिवसाला सुमारे ४० किलो चारा खाणाऱ्या या प्राण्याला आता जेमतेम चार ते सहा किलो गवत, भाजीपाला आणि पेंड मिळे. उरलेली भर वाफवलेल्या लाकडी भुशाची. त्यात पोषण नव्हते, केवळ पोट भरल्याचा भास होता. माणसांच्या पावात सेल्युलोज आणि पाणघोडीच्या घमेल्यात भुसा, असा त्या वर्षीचा हिशेब होता.

९/ मांसाहारी प्राण्यांची अडचण वेगळी होती. मांस नव्हते आणि वाघाची पिल्ले पेंडीच्या लगद्याला तोंड लावीनात. तेव्हा सशाची जुनी कातडी घेऊन तिच्यात गवत आणि पेंड भरण्यात आली, ती शिवण्यात आली आणि वरून माशाचे तेल चोळण्यात आले. शिकारीचा वास येताच पिल्ले खाऊ लागली.

१०/ आईच्या दुधाला पारखी झालेली पिल्ले वाढवण्याचा अनुभव सोव्हिएत प्राणिसंग्रहालयांना होता. मॉस्कोत व्हेरा चापलिना यांनी १९३३ मध्ये निरनिराळ्या प्राण्यांच्या पिल्लांसाठी एक सामाईक क्रीडांगण उभारले होते. १९३५ मध्ये आईने टाकून दिलेली ‘किनुली’ नावाची सिंहीण त्यांनी स्वतःच्या घरातल्या खोलीत वाढवली. पण तेव्हा दूध मिळत होते. नोव्हेंबर १९४१ मध्ये लेनिनग्राडात एका हमाद्रियास बबून मादीला पिल्लू झाले आणि उपासमारीने तिचे दूध आटले. तेव्हा शहरातल्या एका प्रसूतिगृहाने रोज अर्धा लिटर दूध देऊ केले. ते मानवी मातांचे दूध होते. पिल्लू जगले.

११/ येथे प्रश्न पडतोच. माणसे रस्त्यात कोसळून मरत असताना हे योग्य होते का? प्राण्यांचा बराचसा आहार माणसाला खाता न येण्याजोगा होता, हे खरे. पण ते अर्धा लिटर दूध तसे नव्हते. पाणी ओढण्यात खर्ची पडलेली ताकदही तशी नव्हती. याच शहरात, याच हिवाळ्यात, वनस्पती संशोधन संस्थेतले काही शास्त्रज्ञ बियाण्यांच्या संग्रहातल्या धान्याला हात न लावता भुकेने मेले. दोन्हीकडची माणसे उपाशी होती आणि दोघांनीही हाती सोपवलेले सोडले नाही. यावरून त्यांना थोर ठरवणे सोपे आहे. त्या दुधाचा हिशेब मात्र कोणत्याही बाजूने सहज सुटत नाही, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने तो सुटल्याचा आव आणू नये.

१२/ जुलै १९४२ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. वेढा अजून उठलेला नव्हता, तरी लोक मुलांना घेऊन आले आणि क्रासाव्हित्सासमोर उभे राहिले. वेढा जानेवारी १९४४ मध्ये उठला. ती १९५१ पर्यंत जगली. संग्रहालयाच्या १६ कर्मचाऱ्यांना ‘लेनिनग्राडच्या संरक्षणासाठी’ हे पदक मिळाले. १९९१ मध्ये शहराने आपले जुने नाव परत घेतले. प्राणिसंग्रहालयाने मात्र या माणसांच्या स्मरणार्थ नाव बदलले नाही. सेंट पीटर्सबर्गमध्ये आजही ते ‘लेनिनग्राड प्राणिसंग्रहालय’ आहे.