फुली कशासाठी?

१८८७ साली जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमान यांनी एक तर्क मांडला. आई आणि वडील दोघांनी आपापला सगळा आनुवंशिक वारसा मुलाला दिला, तर तो दर पिढीला दुप्पट होईल. म्हणून बीजपेशी तयार होताना तो निम्मा व्हायलाच हवा. हेच अर्धगुणसूत्री विभाजन. पण निम्मं बिनचूक व्हायचं कसं?

१९०९ साली बेल्जियममध्ये यान्सेन्स या धर्मगुरू-संशोधकांनी सॅलमँडरच्या पेशींत जोडीतली गुणसूत्रं फुलीसारखी गुंतलेली पाहिली. इथे धागे तुटून एकमेकांना जोडले जातात, असं ते म्हणाले. फुली हे प्रत्यक्ष, अदलाबदल हे अनुमान! त्याचा पुरावा १९३१ मध्ये हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात दिला.

आता गंमत बघा. हा गुंताच पुढे नीट वेगळं व्हायला मदत करतो. दोन्ही बाजूंनी ओढ लागते तेव्हा फुली जोडीला धरून ठेवते. ताण समान बसला की मगच पकड सुटते. फुली नसेल, किंवा पकड आधीच सैल झाली, तर दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला जाऊ शकतात. एकविसावं असं जादा गेलं, की बाळाला डाउन सिंड्रोम होतो.

स्त्रीच्या बीजपेशींत या फुल्या तिच्या स्वतःच्या जन्माआधीच पडतात आणि कित्येक वर्षं जोडी सांभाळत बसतात. तरी अशा बाळाच्या आईला आपण विचारतो, ‘तू काय केलंस?’ कारण आणि दोष यांत फरक असतो, एवढं तरी या फुलीकडून शिकू या.