आल्प्समधील स्कीसंचार आणि हिमज्ञानाचा उदय

आल्प्स पर्वतातील स्कीसंचाराचा इतिहास बहुधा पराक्रमांच्या नोंदवहीसारखा लिहिला जातो. कोणती खिंड कोणी व कोणत्या वर्षी ओलांडली, याची कालानुक्रमे यादी दिली की विषय संपला असे मानतात. वस्तुतः या इतिहासातील मुख्य प्रश्न निराळा आहे. स्की हे साधन नॉर्वेतून आल्प्समध्ये येऊन रुळण्यास जेमतेम दहा वर्षे लागली. ज्या हिमावरून ते चालवावयाचे, त्या हिमाचे शास्त्रीय ज्ञान होण्यास मात्र सुमारे अर्धशतक लोटले. साधन आणि ज्ञान यांमधील या अंतराची किंमत अनेकांना प्राणांनी मोजावी लागली.

आल्प्समधील खेडुतांना हिमलोटांचा परिचय नव्हता असे नाही. आंडरमाट येथे गावावरील वन तोडण्यास १३९७ मध्येच लेखी मनाई करण्यात आली होती. कारण ते वन हेच गावाचे कवच होते. पुढे स्विस वनाधिकारी योहान कोआझ यांनी १८८१ मध्ये स्वित्झर्लंडमधील हिमलोटांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. तथापि हे ज्ञान मुख्यतः स्थानाचे होते. हिमलोट कोणत्या वाटेने येतो हे खेडुतास ठाऊक असे. एखादा अपरिचित उतार आज सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे क्वचितच येई. कारण रूढ मार्ग सोडून भर हिवाळ्यात उंचावर सहसा कोणी जात नसे.

स्कीने नेमकी हीच स्थिती पालटली. नान्सेन यांनी १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड पार केले आणि त्यांच्या प्रवासवर्णनाने मध्य युरोपात नवे कुतूहल जागे केले. जानेवारी १८९३ मध्ये ख्रिस्तोफ इझेलीन यांनी सहकाऱ्यांसह प्रागेल खिंड ओलांडली. मार्च १८९४ मध्ये आर्थर कॉनन डॉयल हे दाव्होसहून आरोझास गेले. त्यांना नेणारे ब्रांगर बंधू आदल्याच वर्षी त्या वाटेने जाऊन आले होते. कीर्ती मात्र लेखणी हाती असलेल्या पाहुण्यास लाभली. जानेवारी १८९७ मध्ये विल्हेल्म पाउल्के व त्यांच्या चार सोबत्यांनी बर्नीज ओबरलंडमधील हिमनद्यांवरून दीर्घ प्रवास केला. त्याच सुमारास ऑस्ट्रियात माथियास झ्डार्स्की यांनी उभ्या उतारांस योग्य अशी बंधने व वळण्याची पद्धती सिद्ध केली. साधनाचा प्रश्न अशा रीतीने सुटला.

ज्ञानाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. पाउल्के यांच्या त्या चार सोबत्यांपैकी एलर्ट व म्योनिक्स हे दोघे १८९९ मध्ये सुस्टेन खिंडीत हिमलोटाखाली मृत्यू पावले. स्वतः झ्डार्स्की १९१६ मध्ये लष्करी सेवेत असता हिमलोटात सापडून अत्यंत जायबंदी झाले. त्याच वर्षी १३ डिसेंबरला मार्मोलाडा शिखराखालील ऑस्ट्रो-हंगेरियन छावणीवर हिमलोट कोसळून अडीचशेहून अधिक सैनिक ठार झाले. उत्तम स्कीपटू असणे म्हणजे हिम जाणणे नव्हे, हे यावरून स्पष्ट झाले.

पुढे कार्ल्सरूअ येथे भूविज्ञानाचे प्राध्यापक झालेल्या पाउल्के यांनी हिमथरांचाच अभ्यास हाती घेतला. भूपृष्ठालगतचे हिम तुलनेने उबदार व वरचे अतिशीत असते. त्यामुळे बाष्प वर सरकून खालच्या थरात भरड, एकमेकांस न चिकटणारे स्फटिक तयार होतात. अशा थरावर साचलेले नवे हिम अल्प भारानेही निसटते. डोळ्यांस सारखाच दिसणारा शुभ्र उतार अंतर्यामी केवढा विषम असू शकतो, याचा हा उलगडा होता. स्विस संशोधकांनी १९३६ मध्ये दाव्होसजवळ वाइसफ्लूयोख येथे हिमप्रयोगशाळा उभारली; १९४२ मध्ये तेथे संस्था स्थापन झाली आणि १९४५ मध्ये लष्कराकडील हिमलोटसूचनेचे कार्य तिच्याकडे आले.

याच काळात स्कीसंचाराचे स्वरूपही दुभंगले. दाव्होस येथे १९३४ मध्ये स्कीपटूंना ओढून वर नेणारे यंत्र सुरू झाले. तोवर चढाई हा स्कीविद्येचा अविभाज्य भाग होता. आता यंत्राने वर जाऊन राखलेल्या वाटेने उतरणारे आणि स्वतःच्या पायांनी अरक्षित उतार चढणारे, असे दोन वर्ग पडले. पहिल्या वर्गाची हिमपरीक्षा इतर लोक करीत. दुसऱ्यास ती स्वतःच करावी लागे.

तथापि हे ज्ञान केवळ स्कीपटूंपुरते उरले नाही. १९५०–५१ च्या हिवाळ्यात हिमलोटांनी स्वित्झर्लंडमध्ये ९८ बळी घेतले. त्यांतील बहुतेक खेड्यांतील रहिवासी होते. त्यानंतर उंच उतारांवर हिम रोखून धरणारे अडसर मोठ्या प्रमाणावर उभारण्यात आले आणि सूचनाव्यवस्थेचे महत्त्व सर्वमान्य झाले. खेडुतांचे स्थानज्ञान व प्रयोगशाळेचे अवस्थाज्ञान यांचा येथे संगम झाला. युरोपीय देशांनी १९९३ मध्ये धोक्याची पाच पायऱ्यांची समान श्रेणी स्वीकारली. परंतु ही श्रेणी एका विस्तृत प्रदेशाविषयी बोलते. पायांखालच्या उताराचा निर्णय प्रवाशाने स्वतःच घ्यावयाचा असतो. १८९९ मध्ये सुस्टेन खिंडीत उभा राहिलेला प्रश्न पुढे अधिक सुबोध झाला, पण मिटला नाही.